रात्र राखणारे : मुद्राचित्रांतील मेंढपाळ आणि आपला गोठा

आगमनकाळाच्या अखेरच्या आठवड्यात आपल्या मंदिरांतून गोठा उभा राहू लागतो. कोणी पेंढा आणतो, कोणी निळा कागद, कोणी गेल्या वर्षी जपून ठेवलेल्या मूर्ती काढून पुसतो. पवित्र मरिया, संत योसेफ आणि बाळ येशू यांच्या जागा ठरलेल्या असतात. मेंढपाळांची जागा मात्र नेहमीच थोडी अनिश्चित असते. ते कडेला उभे केले जातात. एकाच्या खांद्यावर कोकरू असते, दुसऱ्याच्या हातात बासरी. मेंढ्या पांढऱ्याशुभ्र, कापसाच्या. हे सारे पाहून मन प्रसन्न होते यात शंका नाही. परंतु शिरूरहून न्हावरे, पारगावमार्गे केडगाव-चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवाळीनंतर ज्याने धनगरांचे कळप पाहिले आहेत, त्याच्या मनात एक प्रश्न आल्यावाचून राहत नाही. त्या रस्त्यावरची दख्खनी मेंढरे बहुतांशी काळी असतात. त्यांच्या लोकरीत धूळ आणि कुसळे अडकलेली असतात. त्यांच्यापुढे चालणारा माणूस बासरी वाजवीत नसतो. भरधाव मोटारींना हात करून तो कळप कडेला घेत असतो. दोघेही मेंढपाळच. मग एक दुसऱ्यापासून इतका दूर कसा गेला?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना युरोपातील मुद्राचित्रांकडे वळावे लागते. आपल्या गोठ्यातील मूर्ती, नाताळची भेटकार्डे, धर्मशिक्षणाच्या पुस्तकांतील चित्रे यांचे कूळ युरोपीय चित्रकलेत आहे, आणि ती चित्रकला दूरदूर नेण्याचे काम छापील चित्रांनी केले. रंगवलेले चित्र एखाद्या सरदाराच्या महालात किंवा मंदिराच्या वेदीवर राही. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले चित्र कागदाच्या किमतीत हातोहात जाई. सतराव्या शतकात मेंढपाळ आणि जनावरे हा या छापील चित्रांचा एक आवडता विषय झाला. त्या चित्रांत मेंढपाळाचे काय झाले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

त्याआधी एचिंग या पद्धतीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढील विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण आणि राळ यांचा पातळ थर देतात. तो मेणबत्तीच्या काजळीने काळा करतात, म्हणजे त्यावर ओढलेली रेघ डोळ्यांना दिसते. मग सुईने चित्र काढतात. सुई तांबे कोरीत नाही. ती वरचा थर तेवढा खरवडते. पत्रा अम्लात ठेवला की जेथे तांबे उघडे पडले असेल तेथे ते अम्ल खाते आणि रेघ खोल जाते. पुढे थर काढून टाकतात, रेघांत शाई भरतात, पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागदासह पत्रा दाबयंत्रातून काढतात. पत्र्यावरचे चित्र उलट्या बाजूने कागदावर उमटते. या कलेत रंग नाही. उजेड म्हणजे हात न लागलेला कागद. अंधार हवा असेल तर तो रेघेवर रेघ ओढून घडवावा लागतो. उजेड फुकट मिळतो आणि अंधारासाठी कष्ट करावे लागतात, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

क्लोद लोराँ हा लोरेन प्रांतात जन्मलेला आणि आयुष्याचा बहुतेक काळ रोममध्ये घालवलेला चित्रकार. १६३६ साली त्याने केलेले ‘गुराखी’ हे एचिंग या प्रकारातील उत्तम कृतींपैकी एक मानले जाते, आणि ते योग्यच आहे. उथळ पाण्यातून गुरे सावकाश चालली आहेत. गुराखी बसून पावा वाजवीत आहे. झाडांची दाट पालवी बारीक रेघांनी इतकी हलकी केली आहे की वारा सुटल्याचा भास व्हावा. आणि मागचा प्रदेश प्रकाशात विरघळत गेला आहे. चित्रात काहीच घडत नाही, आणि काही घडू नये असेच पाहणाऱ्याला वाटते.

या शांतीला खोटी म्हणण्याची घाई करू नये. तेविसावे स्तोत्र आपण लहानपणापासून म्हणतो. हिरवी कुरणे आणि संथ पाणी यांची जी ओढ त्या स्तोत्राच्या आरंभी आहे, तीच क्लोदच्या रेघेत आहे. जे हरवले आहे आणि जे परत मिळेल अशी आशा आहे, त्याचे ते चित्र आहे. परंतु ते स्तोत्र तेथे संपत नाही. पुढे काळोखी दरी येते, काठी आणि दंड येतात, शत्रूदेखील येतो. क्लोदने स्तोत्राचा पूर्वार्ध रेखाटला आणि तो इतका सुंदर रेखाटला की पुढच्या पिढ्यांना उत्तरार्धाची आठवण राहिली नाही.

आठवण पुसण्याचे काम क्लोदपेक्षा त्याच्या काळातील लहान कलावंतांनी अधिक केले. हॉलंडमधील निकोलास बेर्केम हा अत्यंत कसबी मनुष्य. त्याच्या गाई, बकऱ्या आणि मेंढ्या यांची मुद्राचित्रे खूप खपली. इतर चित्रकारांनी त्यांचा कित्त्यासारखा उपयोग केला. त्याच्या चित्रांत इटलीचे डोंगर असतात, पडक्या इमारती असतात, गाढवावर बसलेली स्त्री असते, ओढ्याकाठी रेंगाळणारा मेंढपाळ असतो. जनावरांची हाडे आणि स्नायू त्याने नीट पाहिलेले आहेत. माणूस मात्र त्याने पाहिलेला नाही. हा मेंढपाळ थकत नाही, त्याला कोणाचे देणे नाही, त्याच्या कळपातले जनावर आजारी पडत नाही. देखाव्यात एखादे झाड हवे तसा तो तेथे हवा आहे. आपल्या गोठ्याच्या कडेला उभा असलेला बासरीवाला मेंढपाळ या बेर्केमच्या कुळातला आहे.

याच काळात काहींनी जनावराकडे अधिक खोलवर पाहिले. पाउलुस पॉटर हा डच चित्रकार १६५४ साली केवळ अठ्ठावीस वर्षांचा असताना वारला. १६५२ साली त्याने घोड्यांची पाच मुद्राचित्रे केली. आरंभी तेजस्वी, पोसलेला घोडा आहे. मालिकेच्या शेवटी कष्टाने झिजलेले तट्टू उभे आहे आणि त्याच्यामागे एक घोडा मरून पडला आहे. धनगराच्या तट्टावर त्याचे सारे बिऱ्हाड लादलेले असते: भांडी, अंथरूण, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे, कधी कधी चालता न येणारे मूलही. पाय दुखावलेल्या तट्टाकडे त्याचा मालक ज्या नजरेने पाहतो, ती नजर पॉटरच्या या चित्रात आहे.

जर्मन चित्रकार योहान हाइनरिख रोस याने मेंढ्यांची जी एचिंगे केली, त्यांविषयी कवी गटे याने १८२४ साली आपला तरुण सहकारी एकरमान याच्याजवळ एक मार्मिक उद्गार काढला होता. ही जनावरे पाहताना आपण अस्वस्थ होतो, त्यांच्या त्या मर्यादित, मंद, स्वप्नाळू अवस्थेत आपण इतके ओढले जातो की आपणच मेंढरू होऊ की काय अशी भीती वाटते, आणि चित्रकारही मेंढरूच असला पाहिजे असे वाटू लागते, अशा आशयाचे ते बोलणे होते. गटेने हे थोडे गमतीने म्हटले असेल. परंतु आपल्याला त्यात अधिक अर्थ दिसतो. तेविसावे स्तोत्र बोलते कोण? मेंढरू बोलते. ते स्तोत्र म्हणताना आपण सगळेच मेंढरू झालेले असतो. रोसने जाणता-अजाणता त्या स्तोत्रातल्या बोलणाऱ्याचेच चित्र काढले.

अशा रीतीने या परंपरेने मेंढरू ओळखले, तट्टू ओळखले. मेंढपाळ तिला उशिरा दिसला. जेनोवाच्या कास्तिल्योने याने आपल्या चित्रांत आणि मुद्राचित्रांत आब्राहाम, याकोब आदी कुलपतींचे प्रवास वारंवार काढले. भांडीकुंडी, मेंढ्या, बकऱ्या, कुत्री यांनी चित्राचा पुढचा भाग भरलेला, आणि ज्यांच्यासाठी चित्र काढले ते कुलपती मागे कोठेतरी. तरी त्या चित्रांत वाटचालीचा शीण आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या मिलेने १८६२ साली विणकाम करीत उभ्या असलेल्या मेंढपाळ स्त्रीचे एचिंग केले. तिच्यामागे कळप चरत आहे आणि तिचे हात सुयांवर चालले आहेत. मेंढरामागे चालता चालता हाताने लोकर कातणारी माणसे आपल्या दख्खनला परकी नाहीत. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मिलेला एवढे कळले होते की मेंढपाळाचे हात कधी रिकामे नसतात.

परंतु ज्याने मेंढपाळाला खऱ्या अर्थाने माणूस केले, त्याच्याकडे आता वळू. रेम्ब्रांट १६३४ साली अठ्ठावीस वर्षांचा होता. त्या वर्षी त्याने ‘मेंढपाळांना देवदूताचे दर्शन’ हे एचिंग केले. वरच्या बाजूला आकाश फाटले आहे. तेजाच्या वलयात बालदूतांची गर्दी आहे आणि ढगावर उभा राहून देवदूत हात उंचावून बोलत आहे. खालचा सारा प्रदेश काळोखात आहे. दूर दरीत पाण्याकाठी बारीकसा उजेड दिसतो, झाडे दिसतात. आणि पुढच्या भागात काय चालले आहे? पळापळ. गुरे आणि मेंढरे वाट फुटेल तिकडे धावत आहेत. माणसे धडपडत आहेत, कोणी हात वर केले आहेत. येथे भक्तिभावाने जोडलेले हात नाहीत. संत लूकने स्पष्ट लिहिले आहे की मेंढपाळ फार भ्याले, आणि देवदूताचे पहिले बोल त्यांचे भय घालवण्यासाठीच होते. असंख्य चित्रकारांनी ते शुभवर्तमान वाचले असेल. भीतीच्या त्या ओळीवर रेम्ब्रांटसारखे फार थोडे थांबले. मध्यरात्री कळपावर अचानक उजेड पडला तर जनावरे बिथरतील, आणि जनावरे बिथरली तर मेंढपाळाचे सर्वस्व जाईल, हे त्याने ओळखले. प्रभूच्या जन्माची वार्ता ज्यांना प्रथम मिळाली, त्यांना ती मिळण्यापूर्वी कळप गमावण्याची धास्ती अनुभवावी लागली.

त्यानंतर सुमारे अठरा वर्षांनी, १६५२ च्या सुमारास, त्याने ‘मेंढपाळांचे वंदन’ हा विषय रात्रीच्या दृश्याच्या रूपाने हाताळला. हे चित्र प्रथम पाहणाऱ्याला बहुधा काहीच दिसत नाही. सारा कागद काळा. मग हळूहळू एक कंदील दिसतो. कंदिलामागे माणसे आहेत हे जाणवते. मग अंथरुणावर पांघरूण घेतलेली माता आणि तिच्याजवळचे बाळ दिसू लागते. रेम्ब्रांटने या एकाच पत्र्यात पुन्हा पुन्हा फेरफार करून छाप घेतले, आणि काही छापांत पृष्ठभागावरची शाई पुरती पुसलीच नाही. अंधारासाठी कष्ट करावे लागतात असे वर म्हटले, त्याचा अर्थ येथे उलगडतो. येथे बाळाच्या अंगातून प्रकाशझोत निघत नाही. जो काही उजेड आहे तो मेंढपाळ आपल्या हाताने घेऊन आला आहे. जगाचा प्रकाश म्हणून ज्याला आपण वंदन करतो, त्याला पाहण्यासाठी मेंढक्याचा कंदील लागला! रेम्ब्रांट आपल्या कॅथलिक संप्रदायातला नव्हता. पण शब्द देही झाला या गूढाचे इतके नम्र निरूपण चित्रकलेत क्वचितच आढळते.

आता पुन्हा घोड आणि भीमा यांच्या काठी येऊ. शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेचे तालुके. येथील धनगर पावसाळा माळरानावर काढतात आणि दिवाळीच्या आगेमागे कळप घेऊन बाहेर पडतात. काही वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आधी परततात. पूर्वी शेतकरी त्यांना बोलावून शेतात मेंढरे बसवीत. एका रात्रीच्या खताबद्दल धान्य मिळे. आज कालव्यांच्या पाण्याने ऊस वाढला, रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आल्या, माळ कमी झाला. घोंगडीचा उठाव घटला, काळ्या लोकरीला भाव राहिला नाही. आणि उसाबरोबर बिबट्या आला. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव आणि खेड यांच्याबरोबर शिरूर तालुकाही मोडतो, आणि तेथील बिबट्यांचा प्रश्न आता सर्वांना ठाऊक आहे. गावातला माणूस संध्याकाळी दार लावून घेतो. धनगराला दार नसते. मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळी, लावलेली असते. तिच्याबाहेर उघड्यावर घरची माणसे झोपतात. या पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांत मेंढपाळांची लेकरेही दगावली आहेत. कुत्री भुंकू लागली, कळप एका बाजूला दबला, की तो उठतो आणि विजेरी घेऊन अंधारात पाहत राहतो.

अशा माणसाला बेर्केमचे चित्र दाखवले तर तो कौतुकाने जनावरांकडे पाहील. रेम्ब्रांटचे १६३४ चे चित्र दाखवले तर तो पळणाऱ्या गुरांकडे बोट करील, असे मला वाटते. शुभवर्तमानातले ‘रात्री कळप राखणे’ हे शब्द आपण मध्यरात्रीच्या मिस्सेत ऐकतो आणि आपल्या मनात चांदणे येते. त्याच्या मनात काय येईल याचा विचार आपण केला पाहिजे. ‘मेंढपाळ’ हा शब्दही आपण फार गुळगुळीत करून टाकला आहे. धर्मशिक्षणात मेंढपाळ, प्रवचनात मेंढपाळ, महागुरूंच्या हातातली काठीही मेंढपाळाची. पण मंदिराच्या कुंपणापलीकडे उतरलेला वाडा दिसला की आपण म्हणतो, धनगर आलेत. दोन शब्द झाले आणि त्यांच्या आधाराने दोन माणसे झाली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली पवित्र गुरुवारच्या मिस्सेत धर्मगुरूंना सांगितले होते की मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास आला पाहिजे. छापील चित्राला वास नसतो. गोठ्यातल्या कापसाच्या मेंढ्यांनाही नसतो. म्हणूनच ती चित्रे घरात ठेवायला सोयीची आहेत.

यावर कोणी म्हणेल की उपाय सोपा आहे: गोठ्यातल्या मेंढपाळाला फेटा बांधावा, खांद्यावर घोंगडी द्यावी, मेंढ्या काळ्या कराव्यात. अनेक ठिकाणी हे केले जाते आणि त्यामागचा हेतू चांगलाच आहे. परंतु टीकाकार म्हणून येथे सावध करणे मला आवश्यक वाटते. बेर्केमने तरी दुसरे काय केले होते? त्याने आपल्या मेंढपाळाला इटलीच्या डोंगरात नेऊन बसवले. देखावा बदलला, माणूस शोभेचाच राहिला. फेटा बांधलेला मेंढपाळदेखील बासरीच वाजवीत उभा असेल तर तो दख्खनी बेर्केम होय. भारतीय ख्रिस्ती कलेतील आपल्या पुण्याच्या आंजेलो द फॉन्सेका यांचे उदाहरण येथे उपयोगी आहे. गोव्यात जन्मलेले हे चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले आणि १९६७ साली निधन होईपर्यंत त्यांच्या कार्याचा मोठा काळ पुण्यातल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाशी जोडलेला राहिला. त्यांनी मरियेला साडी नेसवली म्हणून त्यांच्यावर टीका झाली. परंतु त्यांचे खरे काम साडीपुरते नव्हते. रेघ कशी ओढावी, देह कसा बसावा, मौन कसे दाखवावे हे त्यांनी या भूमीकडून शिकून घेतले. वेश बदलण्यापेक्षा हे कठीण आहे, आणि मेंढपाळाच्या बाबतीत ते अजून कोणी करावयाचे आहे.

त्यासाठी लागणारी सामग्री आपल्याजवळ नाही असे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले आणि १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. म्हणजे रेम्ब्रांट पत्र्यावर त्या रात्रीचे दृश्य घडवीत होता त्याच सुमारास आपल्याकडे ख्रिस्तजन्माची कथा ओवीत गायिली जात होती. आणि ओवी ही धनगरांचीही आहे. बिरोबा, म्हसोबा, खंडोबा यांच्या कथा ते रात्रभर ओव्यांत गातात. जर्मन अभ्यासक ग्युंटर सोंथायमर यांनी १९९२ साली निधन होईपर्यंत अनेक वर्षे महाराष्ट्रात त्या ओव्या ऐकल्या आणि ध्वनिमुद्रित केल्या. देव रानात, कळपापाशी, मेंढक्याला प्रथम भेटतो, हे सूत्र त्या कथांतही आढळते. श्रद्धा वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्याच राहतील. पण ज्या माणसाला रात्र म्हणजे काय हे ठाऊक आहे, त्याच्याजवळ बसून ऐकण्यासारखे पुष्कळ आहे, एवढे तरी यातून कळावे.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधून हा लेख संपवितो. संत लूकच्या वृत्तान्तात मेंढपाळ गोठ्यात राहिले नाहीत. त्यांनी बाळाला पाहिले, जे ऐकले होते ते सांगितले, आणि देवाची स्तुती करीत ते परत गेले. कोठे? कळपाकडे, रात्र अजून उरली होती. दर्शनाची चित्रे पुष्कळ आहेत, वंदनाची त्याहून अधिक. परतीचे चित्र मात्र माझ्या पाहण्यात नाही. विस्कटलेला कळप गोळा करणारे, मेंढरे मोजणारे, एखादे कमी भरले म्हणून पुन्हा अंधारात जाणारे ते लोक कोणी काढले तर ते चित्र आपल्या भागातल्या माणसाला लगेच ओळखता येईल. या नाताळात गोठा सजवताना त्या परतणाऱ्या मेंढपाळासाठी एक कंदील कडेला ठेवावा. आणि मिस्सेनंतर घरी जाताना शेतात वाडा उतरलेला दिसला तर आपली गाडी हळू न्यावी, दिवे मंद करावेत. मेंढरे उजेडाला बिथरतात.